हात काळे करण्याच्या बाजूने

गेल्या आठ महिन्यांत आमच्या घरी जो जो माणूस आला, त्याने मला एकच प्रश्न विचारला, "याचा उपयोग काय?" शेजारच्या निवृत्त मामलेदारांनी विचारला, सोसायटीच्या चिटणिसांनी विचारला, एवढंच काय, विम्याच्या एजंटानेही विचारला. वास्तविक याच्या मालाचा उपयोग गिऱ्हाईक मेल्यावर सुरू होतो. पण त्यालाही माझी काळजी वाटली. अपवाद एकच. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर. त्याने हातातला पाना खाली ठेवला, टेबलावरची वस्तू अलगद उचलून खिडकीपाशी नेली, एक डोळा मिटून न्याहाळली आणि म्हणाला, "काका, हितं डाख जास्त झालाय. कानस मारा."

आठ महिन्यांत शहाणपणाचं असं हे एकच वाक्य कानावर पडलं. तेव्हाच ठरवलं, की या विषयावर एकदा लिहायचं आणि अगदी सडेतोड लिहायचं.

ती वस्तू म्हणजे वाफेच्या इंजिनाचं मॉडेल. तयार खेळणं नव्हे, सुट्या भागांचा संच. आमची लेक लीड्सला असते. तिथल्या कुठल्याशा प्रदर्शनात तिला तो जुन्या मालात मिळाला. चपलांच्या खोक्याहून लहान खोकं. आत शिशा-कथलाच्या मिश्रधातूचे ओतीव भाग, आम्लाने कोरून काढलेला पितळी पत्रा, तारेची एक गुंडाळी आणि सूचनांचा एक कागद. त्या कागदाची शेवटची ओळ होती, "उरलेले भाग यथास्थान बसवावेत." मी खोकं उघडलं तेव्हा सगळेच भाग उरलेले होते.

लेकीने हेच इंजिन का पाठवलं, त्याला कारण आहे. इंग्लंडात स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची एक चिमुकली रेल्वे होती. 1904 साली सुरू झाली, 1934 साली बंद पडली. सव्वाआठ मैलांचा मार्ग आणि अवघी दोन इंजिनं, लीड्सच्या किटसन कारखान्यात घडवलेली. त्या रेल्वेचा इंजिनियर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप आणि त्या दोनांपैकी एका इंजिनाला त्याचंच नाव होतं. हा कॅलथ्रॉप म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचा जनक! आधी बार्शी, मग मॅनिफोल्ड. एरवी आपण सगळं विलायतेकडून उचललं असं म्हणतात. इथे बार्शीचा धडा गिरवून विलायतेत गाडी धावली. ते इंजिन दिसतंही आपल्याकडचं. पुढे एवढा मोठा दिवा, की स्टॅफर्डशायरच्या गाईंनीही तो पाहून पदर सावरला असेल.

आणि माझा जन्म कुर्डुवाडीचा. बार्शी रेल्वेचा कारखाना तिथे. आमचे अण्णा त्या कारखान्यात फिटर.

हे वाक्य मी आज सहज लिहिलं, पण ते लिहायला मला सत्तर वर्षं लागली. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी इंजिन.

मॉडेलचं प्रमाण असं, की खऱ्यातला एक फूट म्हणजे इथे चार मिलिमीटर. साडेपाच फुटांचा ड्रायव्हर बावीस मिलिमीटरचा होतो, म्हणजे हरभऱ्याच्या घाट्याएवढा. इंजिन तळहातावर मावतं. बार्शी आणि मॅनिफोल्ड या दोन्ही रेल्वेंचे रूळ अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटर रुंदीचे. या प्रमाणात ते बरोबर 10 मिलिमीटर व्हायला हवेत. पण बाजारात तयार रूळ मिळतात ते 9 मिलिमीटरचे, कारण दुसऱ्या एका लहान प्रमाणाच्या मॉडेलांसाठी ते आधीपासून बनत होते. म्हणून सगळं जग नऊवर भागवतं. मी ही घोर फसवणूक आमच्या सौभाग्यवतींच्या कानावर घातली. त्या म्हणाल्या, "एका मिलिमीटरनं काय बिघडतं?" म्हटलं, "खऱ्यात ते तीन इंच होतात." त्या म्हणाल्या, "तुम्ही लग्नाच्या वेळी उंची दोन इंच वाढवून सांगितली होतीत. माझं काय बिघडलं?" मी नऊचे रूळ मागवले.

आता काम कसं चालतं ते ऐका. प्रत्येक ओतीव भागाच्या कडेला साच्याची फुगलेली रेघ असते, ती कानशीने घासून काढायची. मग भाग काचेच्या तुकड्यावर ठेवून सरळ बसतो की डुगडुगतो ते बघायचं. मग डाख. इथे मोठी गोम आहे. नेहमीचा डाख वितळायला 180 अंशांच्या वर उष्णता लागते आणि ओतीव भागांचा हा धातू तेवढी सोसत नाही. त्याच्यासाठी 70 अंशांना वितळणारा वेगळा डाख असतो. हे सूचनांच्या कागदात दुसऱ्या बाजूला होतं. पहिल्या बाजूला होतं, "घुमट बॉयलरवर झाळावा." मी झाळला. नेहमीच्या डाखाने, नेहमीच्या तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने. बॉयलरवरचा तो सुंदर गोल घुमट माझ्या डोळ्यांदेखत भाकरीच्या पिठासारखा बसला आणि नंतर चांदीसारख्या थेंबाच्या रूपाने टेबलक्लॉथवर उतरला. टेबलक्लॉथ माहेरचा होता. पुढचे दोन दिवस आमच्या घरात उष्णतेवर मी एकट्यानेच विचार केला नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण त्या दिवशी माझ्या भाच्याचा मुलगा घरी आला होता. बारावीत आहे. इंजिनियरिंगच्या प्रवेशपरीक्षेसाठी त्याला पहाटे एक क्लास, संध्याकाळी एक क्लास आणि मधल्या वेळात क्लासच्या परीक्षा. दोन तासांची मोकळीक मिळाली की तो माझ्याकडे यायचा. तो थेंब पाहून म्हणाला, "आजोबा, नवीन करू या की."

"कशाचा?"

"पितळेचा. हातड्रिल आहे ना? सळईचा तुकडा त्यात धरून मी फिरवतो. तुम्ही कानस धरा."

कानस म्हटल्यावर मी माळ्यावरची अण्णांची ट्रंक काढली. अण्णांना जाऊन तीस वर्षं झाली. ट्रंक मी तेव्हापासून उघडली नव्हती. आत पाने, पोगर, एक हातोडी आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली अर्धगोल कानस, बाभळीच्या मुठीची. मूठ अण्णांच्या अंगठ्याने एका बाजूला खोलगट झालेली. माझा अंगठा त्या खळग्यात बसेना.

पोरगा ड्रिल फिरवू लागला, मी कानस चालवू लागलो आणि पाचव्या मिनिटाला तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही मागे घेतानाही दाबताय." आणि साठ वर्षांपूर्वी अण्णा शिकाऊ पोराला म्हणायचे ते मला लख्ख ऐकू आलं, "जाताना कापते, येताना नाही. येताना उचल, बोथट होईल." अण्णांनी ते मला कधीच सांगितलं नाही. मला त्यांनी कानशीला हातच लावू दिला नाही. पोराला ते कोणी सांगितलं म्हणावं? त्याने सांगितलं, "आवाजावरून कळतं."

मग आम्ही जागा बदलल्या. मी ड्रिल फिरवलं, त्याने कानस धरली. दीड तासात घुमट झाला.

आता मूळ भांडणाकडे येतो.

पहिला आक्षेप उपयोगाचा. आपल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात उपयोगाची वस्तू दाखवा, मी माझं इंजिन भंगारात देतो. शोकेसमध्ये ठेवलेला, आयुष्यात एकदाही चहा न पाहिलेला चिनी मातीचा सेट कशाला? बँकेच्या लॉकरमध्ये निजलेल्या पाटल्या कशाला? उपयोगाची अट फक्त हाताने केलेल्या कामालाच का? चार तास टीव्हीवर माणसं एकमेकांवर ओरडताना पाहिली, तर तिला विश्रांती म्हणतात. चार तास मी 0.5 मिलिमीटरच्या सुईने भोक पाडत बसलो, तर सोसायटीत माझ्या प्रकृतीची चौकशी होते.

दुसरा आक्षेप: "अहो, तयार मिळतं की!" मिळतं. रंगवलेलं, धावणारं, पेटीतून काढलं की रुळावर. लग्नही तयार मिळतं, कंत्राटदार मांडवापासून विहिणीच्या रुसव्यापर्यंत सगळं करून देतो. पण तयार इंजिन विकत घेणाऱ्याला हे कधीच कळत नाही, की एका बाजूच्या चाकांचे दांडे दुसऱ्या बाजूच्या दांड्यांपेक्षा पाव फेरा पुढे का असतात. असतात अशासाठी, की एका बाजूचा दट्ट्या टोकाला जाऊन अडला, तर दुसऱ्या बाजूचा मध्यावर असतो आणि तो ओढून नेतो. मॉडेलमध्येही तिन्ही आसांवर तोच कोन साधावा लागतो. एकावर केसभर चुकला तर इंजिन लंगडतं. आमचं तीन आठवडे लंगडत होतं. तीन आठवडे! त्या तीन आठवड्यांत मी सकाळी दाढी करताना, भाजी आणताना, सत्यनारायणाच्या पूजेत आचमन करताना त्या कोनाचाच विचार करत होतो. शेवटी सापडलं, मधला आस. वयाच्या बहात्तराव्या वर्षी सकाळी उठण्याला एवढं भक्कम कारण कोणत्या तयार वस्तूने दिलंय?

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही आणि खरा तोच आहे. शिकलेल्या माणसाने हात काळे करू नयेत.

माझा भाचा संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. पदवी मात्र यंत्र-अभियांत्रिकीची. त्याने मला स्वतः सांगितलं आहे, की कॉलेजच्या कर्मशाळेत लोखंडाचा चौकोन घासून द्यायचा होता, तो तिथल्या मदतनिसाला चहापाणी देऊन करून घेतला. वर्गातल्या बहुतेकांनी तसंच केलं. त्या चौकोनाला दहापैकी आठ गुण मिळाले. गुण याला, चौकोन त्याचा. पुढे हा इंजिनियर झाला आणि तो मदतनीस मदतनीसच राहिला. गेल्या दिवाळीत भाच्याच्या घरचा फ्यूज उडाला तेव्हा सात खोल्यांतले तीन इंजिनियर मेणबत्ती लावून इलेक्ट्रिशियनची वाट बघत बसले होते.

आणि आता त्याच घरातला पोरगा म्हणतो, मला इंजिनियरिंगला जायचं नाही. मला आयटीआयला जाऊन टूल अँड डाय मेकर व्हायचंय. घरात जे व्हायचं ते झालं. सुनेने जेवण सोडलं, भाचा तडक माझ्याकडे आला.

"मामा, तुम्ही त्याला बिघडवलंत."

"मी काय केलं?"

"ते इंजिन! छंद म्हणून ठीक आहे हो. पण आयुष्यभर कानस घासायची? लोक काय म्हणतील?"

मी त्याला कॅलथ्रॉप सांगितला. त्या गृहस्थाने उमेदवारी क्रूच्या रेल्वे कारखान्यात केली, 1882 साली जीआयपी रेल्वेत लोको इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला आणि मग हा विचार मांडला, की लहान रेल्वेचे रूळ हलके हवेत. त्यासाठी इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग यार्डाला तीस पौंड वजनाचे रूळही पुरतात. 1897 साली बार्शीची गाडी सुरू झाली ती याच हिशेबावर. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली आणि पिढ्यान् पिढ्यांचे वारकरी तिने वाहिले. पहिल्या महायुद्धात याच माणसाने वैमानिकांसाठी पॅराशूटही तयार केलं. "भार सगळ्या आसांवर सारखा" ही अक्कल त्याला टेबलामागे बसून सुचली असेल असं मला वाटत नाही. आपण नेमकं उलटं केलं. मान सगळा पेनवाल्या आसावर टाकला आणि बाकीचे आस नुसते फिरायला ठेवले. मग गाडी रुळावरून उतरते याचं आश्चर्य करत बसलो.

भाचा म्हणाला, "मामा, हे बोलायला सोपं आहे. तुम्ही स्वतः बँकेत ऑफिसर झालात. तुमच्या अण्णांनीच तुम्हाला फिटर होऊ दिलं नाही."

खरं आहे. हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो माझ्याच वर्मी लागला.

अण्णा कारखान्यातून आले की अंगणात बसून रॉकेल आणि लाकडाच्या भुशाने हात घासायचे. मग साबण. मग पुन्हा भुसा. तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. मला म्हणायचे, "हात काळे करायला मी आहे. तू पेन धर." मी धरलं. 1977 साली माझं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हणालो, "रेल्वेत आहेत." त्यांनी विचारलं, "म्हणजे स्टेशनमास्तर?" आणि मी गप्प राहिलो. नाही म्हणालो नाही. अण्णा शेजारीच बसले होते. पोह्यांची बशी पुढे आली तेव्हा त्यांनी ती घेतली नाही, पोट ठीक नाही म्हणाले. दोन्ही हात त्यांनी उपरण्याखाली घेतले होते, ते बैठक संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

पोट ठीक होतं. घरी येऊन चार भाकऱ्या खाल्ल्या.

अण्णांनी मला त्या कामापासून दूर ठेवलं ते काम हलकं होतं म्हणून नव्हे. पगार कमी होता आणि मान त्याहून कमी होता म्हणून. काम त्यांना प्रिय होतं. नाहीतर कानस कोणी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवत नाही. दोष कानशीत नव्हता, पोह्यांची बशी घेऊन बसलेल्या आम्हा मंडळींत होता. आता पगाराचं म्हणाल, तर चांगल्या टूलमेकरला काम शोधत फिरावं लागत नाही असं तुमच्याच कारखानदारीतले लोक सांगतात. आणि मानाचं म्हणाल, तर तो सरकार देत नसतं. तो तुम्ही-आम्ही द्यायचा असतो आणि त्याला खर्च येत नाही. मला कबूल आहे, की माझ्या हातांचा काळेपणा हौशीचा आहे. संध्याकाळी मी तो धुऊन पेन्शनवर जेवतो. अण्णांना ती सोय नव्हती. पण म्हणूनच हे सांगण्याचं काम माझं आहे. अण्णांनी सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकून घेतलं असतं का?

भाचा काही बोलला नाही. जाताना टेबलापाशी थांबला. इंजिनावर तेव्हा रंग चढला होता, काळा, माझ्या कुर्डुवाडीच्या आठवणीतला. पोरगा त्याला मळवत होता. धुराड्याखाली काजळी, पायऱ्यांवर गंज, बॉयलरच्या बाजूंना पाण्याच्या क्षाराचे पांढरे ओघळ. (यावरूनही सौभाग्यवतींशी चर्चा झाली होती. "नवं रंगवायचं आणि मग मळवायचं? मग माझ्या भिंतींना तेवढा दरवर्षी रंग का?") भाच्याने घुमटाला बोट लावलं. विचारलं, "हा पितळेचा कुठून आणला?"

"आणला नाही. केला."

"कोणी?"

मी पोराकडे बघितलं. पोरगा मान खाली घालून गंज लावत राहिला. भाच्याने तो घुमट पुन्हा एकदा, या वेळी वाकून पाहिला. नंतर म्हणाला, "दोन्हीकडचे फॉर्म भरू. मग बघू." सुनेने त्या रात्री अर्धी पोळी खाल्ली असं कळलं. अजून काहीच ठरलेलं नाही.

इंजिन मात्र धावलं. जेवणाच्या टेबलावर तीन फूट रूळ टाकले, या टोकापासून त्या टोकापर्यंत ते न लंगडता गेलं आणि मिठाच्या बरणीला लागून थांबलं.

शेवटी एक घडलेली गोष्ट सांगतो. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मी बँकेत गेलो. यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्राने नाकारला. पुन्हा ठेवला, पुन्हा नाकारला. चटके आणि कानस यांनी अंगठ्यावरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. बायोमेट्रिकच्या हिशेबी मी हयात नव्हतो. खिडकीतला तरुण मुलगा माझा हात उलटासुलटा करून बघू लागला. नखांच्या कडा काळ्या होत्या. शर्ट इस्त्रीचा, चष्मा सोनेरी काड्यांचा आणि हात असे. त्याला मेळ लागेना. मागे रांगेत माझेच जुने सहकारी उभे होते, दोन मॅनेजर, एक ऑडिटर.

"काका, तुम्ही काम काय करता?" त्याने विचारलं.

"फिटर आहे," मी म्हणालो. "माझे वडीलही फिटरच होते. कुर्डुवाडीला."

मुलाने दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवायला सांगितलं. तो चालला.